पोलादावरचा क्रमांक : बंद पडलेल्या धातूच्या पिस्तुलांची ओढ आणि तिचे औरंगाबादशी असलेले नाते

१/
२१ डिसेंबर १९०९. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर नाटक मंडळीचे 'संगीत शारदा' होते. जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांना निरोप देण्यासाठी हा प्रयोग योजलेला होता. जॅक्सन प्रवेश करीत असताना अनंत लक्ष्मण कान्हेरे या तरुणाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे जेमतेम सतरा-अठरा वर्षांचा होता आणि त्याचे इंग्रजी शिक्षण औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात झाले होते. इतिहासाने या घटनेतील माणसांची नोंद पुष्कळ ठेवली. हा धागा मात्र त्याच्या हातातील वस्तूपासून सुरू होतो.

२/
कान्हेरेचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यातला. शिक्षणासाठी तो औरंगाबादला आला आणि तेथे गंगाराम रूपचंद श्रॉफ यांच्या घरी खोली घेऊन राहिला. शहर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, नाशिक ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात. या शहरातील मैत्रीतूनच त्याचा नाशिकच्या गुप्त मंडळींशी संबंध जुळला. नाशिक खटल्यात कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

३/
ती पिस्तुले लंडनहून आली होती. विनायक दामोदर सावरकरांनी इंडिया हाऊसमधील आचारी चतुर्भुज अमीन याच्याबरोबर पेटीच्या दुहेरी तळात दडवून वीस ब्राउनिंग पिस्तुले १९०९ च्या आरंभी मुंबईला धाडली. पुढे याच शस्त्रांच्या पुरवठ्यावरून सावरकरांवर जॅक्सन-वधाला साहाय्य केल्याचा आरोप ठेवला गेला आणि जानेवारी १९११ मध्ये दुसरी जन्मठेप झाली. एका पेटीच्या तळाशी मावणारे हे यंत्र त्या काळी किती नवे होते, हे आज सहज ध्यानात येत नाही.

४/
'ब्राउनिंग' हे एका माणसाचे नाव. जॉन मोझेस ब्राउनिंग हा अमेरिकेतील यूटा प्रांतातील बंदूक घडविणाऱ्याचा मुलगा. त्याची पिस्तुले बेल्जियममधील एर्स्टाल येथील 'एफ. एन.' या कारखान्यात तयार होऊ लागली. हा कारखाना १८८९ मध्ये बेल्जियन सैन्यासाठी रायफली बनविण्याकरिता उभा राहिला होता. त्याच्या १९०० च्या पिस्तुलाच्या सात लाखांहून अधिक प्रती निघाल्या. फ्रेंच भाषेत तर 'ब्राउनिंग' हा शब्द खिशातील पिस्तुलाला सर्रास वापरला जाऊ लागला.

५/
या यंत्राची किमया साधी आहे. गोळी सुटताना मागे बसणारा धक्काच वरचा सरकता भाग मागे ढकलतो. रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते, स्प्रिंग तो भाग पुढे आणते आणि मुठीतील मॅगझिनमधून नवे काडतूस नळीत चढते. चाप मात्र प्रत्येक गोळीसाठी पुन्हा ओढावा लागतो, म्हणून ते 'अर्धस्वयंचलित'. धक्क्याचे हे सारे ओझे खालच्या सांगाड्यावर येते. तो सांगाडा त्या काळी पोलादाचाच असणार, यात कोणालाही काही विशेष वाटत नव्हते.

६/
संग्राहकांची ओढ याच सांगाड्याभोवती घुटमळते. पोलादाचा ठोकळा घडवायचा, मग एकामागून एक यंत्रांवर तो कापीत, कोरीत, घासत आकाराला आणायचा. शेवटी कारागिराने कानशीने दोन भाग एकमेकांत असे बसवायचे की सरकताना खडखड होऊ नये. त्यावर निळसर-काळी झिलई. वर्षानुवर्षे हाताळल्याने ती झिलई कडांवर उडते आणि खालचे पांढरे पोलाद दिसू लागते. संग्राहक त्या पांढऱ्या कडेला दोष मानीत नाही. कोणाचा तरी हात तेथे फिरला होता, एवढेच तो तिच्यावरून वाचतो.

७/
हे युग संपविणारे पिस्तूल १९८२ मध्ये ऑस्ट्रियन सैन्याने स्वीकारले. ग्लॉक १७. त्याचा सांगाडा पॉलिमरचा, म्हणजे साच्यात ओतलेल्या एका जातीच्या प्लॅस्टिकचा होता. असे पिस्तूल पूर्वीही निघाले होते, पण जग बदलले ते ग्लॉकने. त्याचे रिकामे वजन सुमारे ६२५ ग्रॅम, तर जुन्या कोल्ट १९११ चे सुमारे १,१०० ग्रॅम. प्लॅस्टिक गंजत नाही, झिलई मागत नाही आणि कानशीवाल्या कारागिराची वाटही पाहत नाही. पोलीस दले व सैन्ये यांना आणखी काय हवे होते?

८/
जुनी नावे एकेक करून मावळली. १९११ पासून अमेरिकन सैन्याच्या कमरेला असलेल्या कोल्टची जागा १९८५ मध्ये बेरेटाने घेतली. ब्राउनिंगची शेवटची कल्पना म्हणजे 'हाय-पॉवर'. ती अर्धी सोडून तो १९२६ मध्ये लिएजच्या त्याच कारखान्यात वारला. द्यूदॉने सेव्ह या बेल्जियन अभियंत्याने ती पुरी केली आणि १९३५ मध्ये ते पिस्तूल बाजारात आले. तेरा काडतुसांच्या मॅगझिनचे हे पिस्तूल जगातील कितीतरी सैन्यांनी वापरले. त्याचे उत्पादन २०१८ च्या सुमारास थांबले.

९/
थांबताच त्याची आठवण मौल्यवान झाली. २०२२ मध्ये मूळ कारखान्यानेच जवळजवळ त्याच नावाने नवे पिस्तूल काढले. इतर कारखान्यांनीही त्याच्या प्रतिकृती बाजारात आणल्या. तरीही जुन्याची ओढ असलेला संग्राहक नव्याने समाधानी होत नाही. त्याला आकार हवा असतो हे खरे, पण त्याहून अधिक त्याला तो विशिष्ट नग हवा असतो, जो एका विशिष्ट वर्षी, विशिष्ट कारखान्यातून निघून कोणाच्या तरी कमरेला गेला होता.

१०/
अमेरिकेत ही ओढ दुकानात जाऊन भागविता येते. भारतात तिची कहाणी निराळी आहे. 'हाय-पॉवर' भारतातही घडले. बंगालमधील ईशापूर रायफल फॅक्टरीत ते 'पिस्तूल ऑटो ९ मिमी १-ए' या नावाने तयार झाले आणि सैन्य व पोलिसांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या राहिले. मात्र परवानाधारक नागरिकाला ते घेता येत नाही. कारण ते 'प्रतिबंधित बोअर'मध्ये मोडते.

११/
हा शब्द समजून घेणे आवश्यक आहे. सरकारी सैन्याचे काडतूस ज्या खासगी शस्त्रात बसेल ते शस्त्र सामान्य माणसाकडे असू नये, हे या नियमामागचे तत्त्व. म्हणून ९ मिमी, .४५ आणि .४५५ ची पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे प्रतिबंधित यादीत गेली. सैन्य जे वापरत नव्हते ते .३२ उरले. आणि पिस्तुलाचे .३२ काडतूस म्हणजे तेच, जे ब्राउनिंगने आपल्या १९०० च्या पिस्तुलासाठी घडविले होते. शंभराहून अधिक वर्षांनंतरही भारतीय परवानाधारकाच्या पिस्तुलात बहुधा त्याच मापाचे काडतूस असते.

१२/
दुसरे कारण आयातीचे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून नागरिकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात जवळजवळ बंद झाली. त्याआधी देशात आलेली वेब्ली अँड स्कॉट, वाल्थर, कोल्ट, एफ. एन. ही पिस्तुले जेवढी होती तेवढीच राहिली. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटचे .३२ पिस्तूल १९११ पासून लंडनच्या महानगर पोलिसांकडेही होते. सरकारी कारखान्यांतून .३२ ची देशी रिव्हॉल्व्हरे व 'अशनी' पिस्तूल निघू लागले. खुद्द वेब्लीचे नावही अलीकडे उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातील संडीला येथे घडणाऱ्या रिव्हॉल्व्हरांवर परतले. जुने नग मात्र वाढणार नव्हते, कमीच होणार होते.

१३/
म्हणून मराठवाड्यात 'संग्राहक' हा शब्द नीट बसत नाही. येथे जुने पिस्तूल सहसा हौसेने गोळा केलेले नसते, ते वारशाने आलेले असते. आजोबांच्या नावाचा परवाना, मग वडिलांच्या नावाचा. शहरात पोलीस आयुक्तालयाकडे आणि ग्रामीण भागात जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे होणारे नूतनीकरण. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ठाण्यात जमा करण्याचा निरोप. वर्षातून एकदा तेलाचा हात. पुष्कळ घरांत त्यातून एकही गोळी सुटलेली कोणाला आठवत नाही. घरातील थोरल्याने कपाटाच्या किल्लीबरोबर सोपविलेली ती एक जबाबदारी असते.

१४/
या जबाबदारीला २०१९ मध्ये धक्का बसला. १९५९ चा शस्त्र कायदा एका परवानाधारकाला तीन शस्त्रांपर्यंत मुभा देत होता. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने ती मर्यादा दोनवर आणली. विधेयकाच्या मूळ मसुद्यात तर एकच शस्त्र होते. तिसरे शस्त्र एका वर्षाच्या आत, म्हणजे १३ डिसेंबर २०२० पर्यंत, जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे होते. वारसा म्हणून मिळालेल्या शस्त्रांनाही हीच मर्यादा लागू झाली. नेमबाज खेळाडू आणि रायफल क्लब यांच्यासाठी वेगळ्या तरतुदी राहिल्या.

१५/
मर्यादा घालण्यामागे सरकारची बाजू समजण्याजोगी आहे. लग्नाच्या वरातीत हवेत झाडलेल्या गोळीने माणूस मरतो आणि चोरीला गेलेले परवान्याचे शस्त्र गुन्ह्यात सापडते. याच दुरुस्तीने बेफिकिरीने किंवा आनंदोत्सवात केलेल्या गोळीबारालाही स्वतंत्र शिक्षा ठरविली. पण ज्या घरात शेताच्या राखणीची बारा बोअरची बंदूक, एक रायफल आणि आजोबांचे पिस्तूल होते, त्या घरापुढे प्रश्न आला की यांपैकी परके कोणाला करायचे? उपयोगाची दोन ठेवायची तर आठवणीचे एक जाते.

१६/
येथे कायद्याच्या दोन पुस्तकांतील विसंगती पुढे येते. पुरावशेष व कलावस्तू अधिनियम, १९७२ नुसार ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षे जुनी झाली की 'पुरावशेष' ठरू शकते. १९०० च्या ब्राउनिंगने ते वय केव्हाच ओलांडले. परंतु शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मधील सवलत हवी असेल तर जुने शस्त्र दुरुस्त करूनही चालणार नाही, इतके निकामी असावे लागते. चालू स्थितीतील शंभर वर्षांचे पिस्तूल कायद्याच्या दृष्टीने आजही केवळ एक अग्निशस्त्र आहे. ते जपायचे तर परवाना, आणि परवाना नसेल तर ते सोडावे तरी लागते किंवा मारावे तरी.

१७/
जमा केलेले शस्त्र ठरलेल्या मुदतीत परत घेतले नाही किंवा विकले नाही, तर ते सरकारजमा होऊ शकते. सरकारजमा शस्त्रे पुढे नष्ट केली जातात. वितळल्यावर पोलादाचे मोल जात नाही, मोल जाते ते त्यावरील क्रमांकाचे. प्रत्येक पिस्तुलाच्या सांगाड्यावर कारखान्याने ठोकलेला क्रमांक असतो आणि परवान्याच्या पानावर प्रकार, बनावट, बोअर यांच्यापुढे तोच क्रमांक लिहिलेला असतो. धातू आणि कागद यांना बांधून ठेवणारा तो एकमेव दुवा.

१८/
हा दुवा काय करू शकतो, याचे उदाहरण इंदूरला घडले. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला सॉन्डर्सचा वध झाला. त्यात भगतसिंगांबरोबर पुणे जिल्ह्यातील खेडचे शिवराम हरी राजगुरूही होते. भगतसिंगांचे .३२ कोल्ट पिस्तूल पंजाबातील फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रातून पुढे सीमा सुरक्षा दलाच्या इंदूर येथील संग्रहात पोहोचले. तेथे ते काळ्या रंगाच्या थराखाली इतर शस्त्रांत मिसळून गेले होते. २०१६ मध्ये रंग खरवडला गेला आणि खाली दिसला क्रमांक १६८८९६. खटल्याच्या कागदांतही तोच होता. आता ते पिस्तूल हुसैनीवाला येथील संग्रहालयात आहे.

१९/
युरोपातही असेच घडले. जून १९१४ मध्ये सारायेव्हो येथे आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड यांच्यावर झाडलेले पिस्तूल एर्स्टालच्याच कारखान्याचे, ब्राउनिंगच्या १९१० च्या आराखड्याचे होते. ते काही दशके ऑस्ट्रियातील जेझुइट पाद्र्यांच्या मठात पडून होते. २००४ मध्ये ते व्हिएन्नाच्या सैनिकी इतिहास संग्रहालयात आले. ओळख पटली ती १९०७४ या क्रमांकावरून. रंग, मठ, राज्ये, महायुद्धे यांपैकी कशानेही पोलादात ठोकलेले ते आकडे पुसले नाहीत.

२०/
पॉलिमरच्या पिस्तुलालाही क्रमांक असतो, पण तो प्लॅस्टिकमध्ये बसविलेल्या धातूच्या एका पट्टीवर. ओळख तेथे वस्तूला बाहेरून दिलेली आहे. जुन्या पिस्तुलात ती अंगातच असते. प्रयागराजच्या संग्रहालयातील चंद्रशेखर आझादांच्या कोल्टसमोर उभे राहणाऱ्याला जे जाणवते ते याच अंगच्या ओळखीमुळे. २७ फेब्रुवारी १९३१ रोजी आल्फ्रेड पार्कमध्ये आझादांच्या हाती होते ते पिस्तूल हेच, त्यासारखे दुसरे नव्हे.

२१/
या ओढीचे एक अंधारे अंगही आहे आणि ते लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते, लोक त्यांना 'पंडित' म्हणत. नाशिकच्या त्या रात्री एक विद्वान मेला आणि पुढे तीन तरुण फासावर गेले. ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी दिल्लीत गांधीजींवर झाडले गेले तेही धातूच्या सांगाड्याचे एक सुबक इटालियन बेरेटा होते. झिलईचे कौतुक करणाऱ्याने हेही पेलले पाहिजे. एकाच कारागिरीतून पूज्य वस्तू निघते आणि कलंकित वस्तूही, कारखाना त्यांत भेद करीत नाही.

२२/
तो भेद केवळ नोंद करते. छत्रपती संभाजीनगरापासून काही मैलांवर देवगिरीच्या किल्ल्यावर मेंढा तोफ आहे. मागच्या टोकाला मेंढ्याचे मस्तक आणि अंगावर फारसी लेख. तिच्या तोंडाने किती माणसे मेली, हे कोणी मोजत नाही. पण ती कोणाच्या काळातील, कोणत्या नावाची, हे तिच्या धातूवरून वाचता येते, म्हणून ती भंगार न ठरता इतिहास ठरली. शेजारी पडलेल्या अनेक बिनलेखाच्या तोफांसमोर मात्र क्वचितच कोणी थांबतो.

२३/
आजोबांचे पिस्तूल जमा करण्याची वेळ ज्या घरावर आली आहे किंवा उद्या येईल, त्या घराने ते कायद्याप्रमाणे जमा करावे. पण त्याआधी एक काम आहे आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. क्रमांक, बनावट व ठोकलेल्या सर्व खुणांची छायाचित्रे घ्यावीत. पहिल्या परवान्यापासूनच्या सर्व कागदांच्या प्रती जपाव्यात. ते कोणी, कोठून, कोणत्या वर्षी आणि कोणत्या भीतीपोटी किंवा हौसेपोटी घेतले, हे घरातील सर्वांत वृद्ध माणसाला विचारून तारखेसह लिहून ठेवावे. जमा केल्याची पावती त्याच वहीत चिकटवावी.

२४/
वेब्लीचे वजन पुन्हा हातात येणार नाही, झिलईवरचा अंगठ्याचा ठसाही जाईल. संग्राहकाला खरी हळहळ वाटते ती याचीच, आणि कोणतीही वही ती भरून काढणार नाही. पण वहीतील तो क्रमांक उद्या कोठल्या तरी मालखान्यातील नोंदीशी जुळला, तर एका मराठवाडी घराची गोष्ट तेथून पुढे सुरू होऊ शकेल. इंदूरला तेच घडले होते.

(धागा समाप्त)